भाजणीचे डबे आणि फेनिटॉइन

फार्म.डी. या औषधशास्त्राच्या सहा वर्षांच्या कोर्सच्या पाचव्या वर्षाला एक गणित हमखास भेटतं. रुग्णाचं वजन ६० किलो. फिट येतात म्हणून रोज ३०० मिलिग्रॅम फेनिटॉइन सोडियम चालू आहे, तरी फिट थांबलेल्या नाहीत. रक्त तपासलं तर औषधाची पातळी लिटरला ७.७ मिलिग्रॅम निघाली. पाहिजे १० ते २०च्या मध्ये. डोस वाढवून ४०० केला तर पातळी किती होईल?

शाळेपासून मुरलेलं त्रैराशिक लगेच पुढे येतं. ३००ला ७.७, तर ४००ला १०.३. काठावर का होईना, टप्प्यात आलो. उत्तराखाली दोन रेघा ओढून मुलं मोकळी होतात. खरं उत्तर २८च्या पुढे जातं. म्हणजे फिट थांबवायला गोळी वाढवलेला हा माणूस आठ-पंधरा दिवसांत भिंत धरून चालायला लागणार, आणि घरच्यांना वाटणार की आजारच बळावला.

त्रैराशिक इथे का तुटतं, हे समजून घ्यायला पिठाच्या गिरणीत जावं लागेल. एरवी आपण डबा ठेवतो, तासाभरात दळण मिळतं. दिवसाला दहा डबे येवोत की वीस, संध्याकाळी गिरणी रिकामी. दिवाळीच्या आधी मात्र चकलीच्या भाजणीचे डबे यायला लागतात. जातं तेच, वेगही तोच. एका मर्यादेपर्यंत गिरणीवाला कसंबसं निभावतो. मग त्यानंतर येणारा प्रत्येक डबा रांगेतच उभा राहतो. त्या दिवसांत रोज दोनच डबे जादा आले तरी रांग दाराबाहेर जाते.

आपलं यकृत हीच गिरणी. बहुतेक औषधांच्या बाबतीत तिथली औषध मोडणारी एन्झाइम्स इतकी मोकळी असतात की डोस दुप्पट केला तर निचराही दुप्पट होतो, आणि त्रैराशिक चालून जातं. फेनिटॉइनची गोष्ट वेगळी. नेहमीच्या उपचाराच्या डोसलाच त्याचं एन्झाइम जवळपास भरून गेलेलं असतं. त्याची बारा महिने दिवाळी.

याचं समीकरण औषधशास्त्रातलं नाहीच मुळी. १९१३ साली लिओनोर मिखाएलिस आणि कॅनडाहून बर्लिनला आलेली मॉड मेंटेन यांनी साखर फोडणाऱ्या एका एन्झाइमच्या वेगावर काम करताना ते मांडलं. फेनिटॉइनचा फिटवरचा उपयोग तर १९३८मध्ये मेरिट आणि पुटनम यांनी दाखवला. साखरेचं ते जुनं समीकरण आज वॉर्डातल्या गोळ्यांना लागू पडतं.

ते वापरूनच पाहू. पुस्तकी सरासरी अशी, की यकृत दिवसाला किलोमागे जास्तीत जास्त ७ मिलिग्रॅम फेनिटॉइन संपवू शकतं. आपल्या रुग्णाच्या बाबतीत ४२० मिलिग्रॅम. दुसरा आकडा ४. रक्तात लिटरला ४ मिलिग्रॅम औषध असलं की गिरणी अर्ध्या क्षमतेने चालते. शिवाय एक बारीक गोष्ट, जिच्यावर परीक्षेत मार्क जातात: गोळीत असतो तो सोडियमचा क्षार, आणि त्यात खरं फेनिटॉइन ९२ टक्केच. म्हणून ३०० म्हणजे २७६, आणि ४०० म्हणजे ३६८.

आता स्थिर झालेली पातळी काढायची तर रोजच्या डोसला ४ने गुणा आणि ४२०मधून डोस वजा करून जे उरेल त्याने भागा. २७६ला भाजक १४४ येतो, पातळी ७.७. ३६८ला भाजक उरतो फक्त ५२, पातळी २८. सगळी गोम या भाजकात आहे. डोस वाढला एक तृतीयांशाने, पण गिरणीची शिल्लक ताकद एक तृतीयांशावर आली. गोळीचा डोस ४५६च्या वर, म्हणजे खरं फेनिटॉइन ४२०च्या वर नेलं तर ती शिल्लक शून्याखाली जाते. कागदावर मग पातळी कधी थांबतच नाही.

मग करायचं काय? ५० मिलिग्रॅम वाढवायचे. ३५०ला पातळी येते १३. वाढ आधीच्या निम्मीच, पण पातळी टप्प्यात नीट बसते. पुढची पातळीही दुसऱ्या दिवशी तपासायची नाही. रांग जितकी लांब तितका ती स्थिरावायला वेळ लागतो, दोन आठवडे किंवा जास्तही.

पातळी २०च्या वर गेली की बहुधा डोळे आधी बोलतात: बाजूला पाहायला सांगितलं तर बुबुळं थरथरतात. ३०च्या पुढे तोल जातो, ४०च्या पुढे गुंगी आणि गोंधळ. आकडे माणसागणिक मागेपुढे होतात, पण क्रम साधारण हाच. वॉर्डात इंटर्नने बोट डावी-उजवीकडे फिरवून दाखवणं ही त्यामुळे फुकटातली रक्ततपासणी आहे.

१९६८च्या सुमारास ऑस्ट्रेलियात, विशेषतः ब्रिस्बेनमध्ये, फेनिटॉइन घेणाऱ्या रुग्णांमध्ये अचानक विषबाधेची लक्षणं दिसू लागली. डोस तेच होते. शोध घेतल्यावर कळलं की कॅप्सूलमधला भरणीचा पदार्थ बदलला होता. कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज आलं होतं. त्यामुळे तेवढ्याच औषधातलं जास्त औषध रक्तात उतरत होतं. दुसऱ्या एखाद्या औषधाला हा बदल कदाचित पचून गेला असता. इथे गिरणी आधीच भरलेली, त्यामुळे थोडं जास्त शोषण पुरलं. फेनिटॉइनची कंपनी दुकानदाराने मनाने बदलू नये असं शिकवतात, त्यामागे असा अनुभव आहे.

आता थोडं या अभ्यासक्रमाविषयी, कारण ‘फार्म.डी. म्हणजे मेडिकल दुकान का?’ हा प्रश्न लग्नाकार्यात अजूनही येतो. भारतीय फार्मसी परिषदेने २००८मध्ये हा कोर्स सुरू केला. बारावी विज्ञानानंतर सहा वर्षं: पाच वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. बी.फार्म. झालेल्यांना थेट चौथ्या वर्षाला बसता येतं. चौथ्या-पाचव्या वर्षापासून सकाळ वॉर्डात जाते, डॉक्टरांच्या राउंडमागे. पाचव्या वर्षाला तीनच थिअरी विषय असतात, आणि त्यातला ‘क्लिनिकल फार्माकोकायनेटिक्स’ म्हणजे औषधाची रक्तपातळी पाहून डोस ठरवण्याचं शास्त्र. माझ्या मते सगळ्या सहा वर्षांत पदवीचा पैसा वसूल होतो तो इथे.

कारण हा विषय लॅबच्या आकड्यावर संशय घ्यायला शिकवतो. रक्तातलं सुमारे ९० टक्के फेनिटॉइन अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं असतं, काम करतं ते मोकळं १० टक्के. लॅब साधारणपणे दोन्ही मिळून मोजते. समजा रिपोर्टात पातळी ८ आहे आणि अल्ब्युमिन उतरून डेसिलिटरला २ ग्रॅमवर आलंय. शायनर-टोझर यांचं सूत्र सांगतं: अल्ब्युमिनला ०.२ने गुणा, त्यात ०.१ मिळवा, आणि पातळीला त्या संख्येने भागा. इथे भाजक ०.५, उत्तर १६. कमी दिसणारी पातळी व्यवस्थित आहे. रिपोर्टातला ८ पाहून डोस वाढवला असता तर पुढची कहाणी वर सांगितलीच आहे.

आपल्याकडे आणखी एक गाठ पडते ती क्षयाच्या औषधांची. आयसोनियाझिड फेनिटॉइनचा निचरा अडवतं, रिफॅम्पिसिन तो वाढवतं, आणि रुग्णाला बहुधा दोन्ही एकत्र चालू असतात. कोणाचं पारडं जड ठरेल ते ज्याच्या त्याच्या शरीरावर. आयसोनियाझिड सावकाश संपवणारी माणसं आपल्या देशात पुष्कळ आहेत, त्यांच्यात फेनिटॉइन साचतं. इथे सूत्र हात टेकतं आणि पातळी मोजण्यावाचून गत्यंतर राहत नाही. मुंबईच्या केईएमसारख्या रुग्णालयातला क्लिनिकल फार्माकॉलॉजी विभाग फिटच्या औषधांच्या पातळ्या मोजून देतो तो यासाठीच.

रक्त पाठवताना एक फॉर्म भरावा लागतो. त्यात ‘शेवटचा डोस कधी घेतला’ असा एक रकाना असतो, आणि गर्दीच्या वॉर्डात तो हटकून कोरा राहतो. वरची सगळी समीकरणं गृहीत धरतात की रुग्ण रोज, न चुकता, सांगितलेला डोस घेतोय. म्हणून पातळी ७.७ आली की कॅल्क्युलेटर काढण्याआधी इंटर्नला खाटेपाशी परत जावं लागतं.

“काकू, गोळ्या रोज देता ना यांना?”

“देते की. मधले चार दिवस तेवढ्या संपल्या होत्या. पगार झाल्यावर आणल्या.”

तो कोरा रकाना भरायचा. डोस ३००च ठेवायचा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त घ्यायचं.