सेरेत्से खामा : गादी सोडून राष्ट्राध्यक्ष झालेला राजा

बोत्सवानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांचा जन्म 1921 साली सेरोवे इथला, बंग्वातो जमातीच्या राजधानीतला. चार वर्षांचे असताना वडील वारले आणि जमातीची गादी त्यांच्याकडे आली. कारभार काका त्शेकेदी पाहत. लंडनला बॅरिस्टरीचा अभ्यास चालू असताना सप्टेंबर 1948 मध्ये त्यांनी रूथ विल्यम्स या गोऱ्या तरुणीशी लग्न केलं, तेव्हा काकांनी त्यांना तातडीने बोलावून घेतलं.

निवाडा व्हायचा तो 'खोत्ला'त. खोत्ला म्हणजे तिथली चावडी: लाकडी ओंडक्यांचं अर्धगोल कुंपण, आत जमातीचे पुरुष, आणि सगळ्यांचं बोलून होईपर्यंत बैठक उठत नाही. पहिल्या बैठकीत लग्नाला कडाडून विरोध झाला. जून 1949 मधल्या तिसऱ्या बैठकीला हजारो माणसं जमली. विरोधात उभे राहिले ते मोजके, बाकी सारा जमाव सेरेत्सेंच्या बाजूने उठला.

लोकांनी स्वीकारलं, पण हा मुलूख तेव्हा ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होता आणि त्यांनी नाही स्वीकारलं. शेजारी दक्षिण आफ्रिकेत पंतप्रधान मलान यांचं सरकार मिश्रविवाहांवर बंदी आणत होतं आणि ब्रिटनला तिथलं सोनं व युरेनियम हवं होतं. चौकशी समितीने सेरेत्से राज्य करायला लायक असल्याचं मान्य केलं, म्हणून तो अहवालच दडपला गेला. 1950 मध्ये त्यांना मायदेशातून हद्दपार केलं. 1956 मध्ये परत येता आलं, पण गादीवरचा हक्क सोडून, सामान्य नागरिक म्हणून.

पुढे पक्ष काढून त्यांनी 1965 च्या निवडणुकीत 31 पैकी 28 जागा जिंकल्या आणि 30 सप्टेंबर 1966 ला देश स्वतंत्र झाला. दुष्काळाने गुरं मरत होती, डांबरी रस्ता सगळा मिळून 12 किलोमीटरच्या आसपास, आणि रोजचा सरकारी खर्चसुद्धा ब्रिटिश अनुदानावर चाले. राजधानीही नवी होती, कारण संरक्षित प्रदेशाचा कारभार तोवर सीमेपलीकडच्या माफेकिंगहून चालत असे.

1967 मध्ये ओरापाला हिरे सापडले, तेही बंग्वातोंच्या जमिनीत. त्याच वर्षी सेरेत्सेंच्या सरकारने कायदा करून जमातींचे खनिजहक्क राज्याकडे घेतले. आमच्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा निर्णय हाच, कारण सोडायचं होतं ते आधी त्यांच्याच जमातीला. तेल आणि खनिजांवरून प्रांताप्रांतांत रक्त सांडलेले देश आफ्रिकेत त्याच काळात होते.

हिऱ्यांच्या खाणी चालवणाऱ्या डी बिअर्स कंपनीशी पहिल्या करारात सरकारचा वाटा 15 टक्केच होता. खाणीचा आवाका कळल्यावर पुन्हा वाटाघाटी झाल्या आणि सत्तरीच्या दशकाच्या मध्यात तो 50 टक्क्यांवर गेला. ब्रिटिश अनुदानाची गरज त्याआधीच, 1972-73 मध्ये संपली होती. 1976 च्या ऑगस्टमध्ये दक्षिण आफ्रिकेचं रँड जाऊन 'पुला' हे स्वतःचं चलन आलं. पुला म्हणजे पाऊस. त्याच वर्षी विद्यापीठासाठी 'माणशी एक जनावर' अशी हाक दिली गेली. पैसा नसेल त्याने गाय द्यावी, धान्य द्यावं, आणि लोकांनी खरोखर आणून दिलं.

जुलै 1980 मध्ये कर्करोगाने सेरेत्से गेले. दोन वर्षांनी ज्वानेंगची ओरापाहून श्रीमंत खाण सुरू झाली, ती बंग्वाकेत्से जमातीच्या मुलखात. जुने हक्क राहिले असते तर तिच्यातला एक पुलाही सेरोवेला मिळाला नसता.