विद्यापीठीय दप्तर खुले करणे (खानदेश)

विद्यापीठाकडील जुनी इतिवृत्ते, संलग्नीकरणाचा पत्रव्यवहार, निकालाची पुस्तके, छायाचित्रे आणि देणगीदाखल आलेली हस्तलिखिते यांची सूची करून ती अभ्यासकांना व इतर नागरिकांना पाहू देण्याची व्यवस्था.

खानदेशात या कामाची अडचण मुळातच आहे. विद्यापीठ धाकटे आणि महाविद्यालये थोरली. जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ 15 ऑगस्ट 1990 रोजी स्थापन झाले. 2018 पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार हे तिन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. अमळनेरचे प्रताप महाविद्यालय मात्र 1945 चे. ते आधी मुंबई आणि 1949 नंतर पुणे विद्यापीठाच्या छत्राखाली होते. त्यामुळे खानदेशातील उच्च शिक्षणाच्या पहिल्या साडेचार दशकांचा मागोवा घेणाऱ्याला विद्यापीठाच्या बांभोरी येथील आवारापुरते पाहून भागत नाही. पुणे, मुंबई आणि महाविद्यालयांची स्वतःची कपाटे धुंडाळावी लागतात.

दप्तर लोकांसाठी राखण्याची परंपरा या भागात विद्यापीठाहून कितीतरी जुनी आहे. इतिहास-संशोधक वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यावरचे कागद मिळवले आणि 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने ते छापायला सुरुवात केली. 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले. त्यानंतर लगेच तिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. धुळ्याच्याच समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते जमवली, तर 1916 मध्ये स्थापन झालेले अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर हे अध्ययनाचे वेगळेच केंद्र ठरले. कागद जमवण्याइतकेच ते छापून लोकांपुढे ठेवणे राजवाड्यांना महत्त्वाचे वाटे. विद्यापीठांनी उचलावा असा धडा हाच, कारण सूची नसलेले दप्तर दार उघडे ठेवूनही बंदच राहते.

कायद्याची बाजू अनुकूल आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 नुसार 20 वर्षांपूर्वीच्या घटनांबाबतची माहिती, सार्वभौमत्व, विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रे असे मोजके अपवाद सोडले, तर द्यावीच लागते. विद्यार्थ्यांचे गुण, चौकशीच्या फायली किंवा वैद्यकीय कागद मात्र जपूनच दाखवावेत. कायद्याने मुभा दिली म्हणून सगळे संकेतस्थळावर टाकण्याची घाई योग्य नव्हे.

प्रत्यक्ष कामात आधी कसर आणि वाळवीशी गाठ पडते. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि जुना कागद हातात घेताच तुटू लागतो. म्हणून सफाई, वर्गवारी व सूची ही कामे आधी, स्कॅनिंग नंतर. मोडी लिपीतील रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, वाचणारे थोडेच असल्याने स्कॅन केलेल्या पानासोबत निदान दोन ओळींचा गोषवारा हवा. सूचीत जुनी नावेही द्यावी लागतात. खानदेश जिल्ह्याचे 1906 मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, 1960 मध्ये त्यांना जळगाव व धुळे ही नावे मिळाली आणि नंदुरबार 1998 मध्ये वेगळा झाला. नुसते ‘नंदुरबार’ शोधणाऱ्याला ‘पश्चिम खानदेश’ या मथळ्याखालचा कागद सापडणार नाही.

अहिराणी, भिली, पावरी या बोलींतील ध्वनिमुद्रित गाणी व कथा हाही अशा दप्तराचाच भाग होय. तेथे गाणाऱ्याचे नाव, गाव आणि संमती यांची नोंद ध्वनिमुद्रणासोबतच ठेवावी लागते.