चित्रपोस्टकार्ड-संग्रह, इंग्लंडमधील खेड्यांचा

इंग्लंडमधील ग्रामीण वस्त्यांची दृश्ये असलेली जुनी पोस्टकार्डे जमवण्याचा, त्यांचे वर्गीकरण करण्याचा व काळ ठरवण्याचा छंद. संग्राहक अशा कार्डांना स्थलदर्शक कार्डे म्हणतात आणि ती बहुधा काउंटीनुसार (इंग्लंडमधील जिल्ह्यानुसार) व तीत गावांच्या वर्णानुक्रमे लावतात.

सचित्र पोस्टकार्डाचा उगम वादग्रस्त आहे. थिओडोर हूक या लेखकाच्या नावे १८४० मध्ये लंडनच्या फुलम भागात आलेले, पेनी ब्लॅक हे जगातील पहिले टपाल तिकीट लावलेले व हाताने रंगवलेले व्यंगचित्राचे कार्ड हे जगातील पहिले, असे एक मत आहे. २००२ मध्ये त्याचा लिलाव झाल्यावर हे मत अधिक प्रचलित झाले. तथापि ते एकट्यादुकट्या विनोदासाठी केलेले होते, विक्रीसाठी छापलेले नव्हते. त्यामुळे त्याला पूर्वरूप मानणे अधिक सयुक्तिक दिसते. ऑस्ट्रिया-हंगेरीने १ ऑक्टोबर १८६९ रोजी आणि ब्रिटनने त्यानंतर बरोबर एका वर्षाने सरकारी पोस्टकार्ड काढले. ही कार्डे चित्रविरहित होती. खाजगी कार्डावर अर्ध्या पेनीचे तिकीट चिकटवून ते टपालात टाकण्याची मुभा ब्रिटनमध्ये १ सप्टेंबर १८९४ पासून मिळाली. त्यानंतर चित्रकार्ड प्रथम कोणी काढले, एडिंबरोच्या जॉर्ज स्ट्यूअर्ट यांच्या संस्थेने की स्कारबरोच्या डेनिस यांच्या संस्थेने, याविषयी मतभेद आहेत.

खेड्यांच्या कार्डांपुरता या वादाला फारसा अर्थ नाही. १८९४ चे कार्ड सु. ११५ × ८९ मिमी. एवढे लहान होते. त्याची एक बाजू केवळ पत्त्यासाठी राखीव असल्याने मजकूर चित्राच्याच बाजूला लिहावा लागे आणि चित्र कोपऱ्यात आक्रसून जाई. १८९९ मध्ये सु. १४० × ८९ मिमी. आकार मान्य झाला. १९०२ मध्ये पत्त्याची बाजू उभ्या रेघेने विभागून डावीकडे मजकूर लिहिण्यास ब्रिटिश टपालखात्याने इतर देशांच्या आधी परवानगी दिली. या बदलाचे श्रेय सामान्यतः फ्रेडरिक हार्टमान या प्रकाशकाला देतात. चित्राला पूर्ण बाजू मिळाली ती तेव्हापासून, आणि गावाचा अख्खा रस्ता कार्डावर मावू लागला. म्हणून या संग्रहाचा खरा आरंभ १९०२ पासून धरणे योग्य होय.

प्रकाशकांत रायगेटची फ्रान्सिस फ्रिथ, डंडीची व्हॅलेंटाइन, हेस्टिंग्जची जजेस, सेव्हनओक्सची सॅमन व लंडनची राफाएल टक या संस्था ठळक होत. ए. आर. क्विंटन (१८५३–१९३४) यांची जलरंगातील गवती छपरांची घरे सॅमनने दीर्घकाळ छापली. ती देखणी आहेत, पण गाव प्रत्यक्षात कसे होते याचा पुरावा म्हणून त्यांवर विसंबणे धोक्याचे. रंगीत छापील कार्डांबाबतही सावधगिरी हवी. त्यांपैकी बरीच जर्मनीत छापली जात आणि मूळ कृष्णधवल छायाचित्रावर रंग चढवणाऱ्याने ते गाव पाहिलेले नसे.

याउलट, जवळच्या बाजारगावातील छायाचित्रकाराने थेट ब्रोमाइड कागदावर (छायाचित्र उमटवण्याच्या प्रकाशसंवेदी कागदावर) काढलेली कार्डे अत्यंत मोलाची असतात. ऑक्सफर्डचे हेन्री टाँट (१८४२–१९२२) हे अशा स्थानिक छायाचित्रकारांचे उत्तम उदाहरण. या कार्डांच्या प्रती थोड्या निघत आणि गावातल्याच टपालकचेरी-कम-किराणा दुकानात विकल्या जात. भिंगाखाली त्यांत छपाईचे ठिपके दिसत नाहीत आणि गडद भागांत पुष्कळदा चांदीसारखी झाक आलेली असते. कोलोटाइप, म्हणजे जिलेटिनचा थर दिलेल्या काचेवरून केलेल्या, छपाईतही नियमित ठिपके नसतात. तेथे जिलेटिनच्या थराची बारीक, वेडीवाकडी जाळी दिसते. नवखे संग्राहक या दोहोंत हमखास गल्लत करतात.

कालनिश्चिती हा यातील सर्वांत कठीण भाग. टपालशिक्क्यावरून कार्ड केव्हा पाठवले एवढेच कळते. तेच कार्ड दुकानात वर्षानुवर्षे विकले जाई आणि छायाचित्र त्याहून जुने असे. फ्रिथ व व्हॅलेंटाइन यांच्या कार्डांवरील क्रमांकांवरून मूळ छायाचित्राचा काळ बऱ्याच अंशी ठरवता येतो. टकच्या बाबतीत ही सोय तुटपुंजी आहे, कारण २९ डिसेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात त्या संस्थेची लंडनमधील इमारत दप्तरासह जळाली. शिक्का नसल्यास विभागलेली पाठ, तिकिटावरील राजाचे चित्र, विजेचे वा तारेचे खांब आणि पोशाख यांवरून साधारण काळ सांगता येतो. नेमके वर्ष सांगण्याचा मोह टाळावा.

क्लोव्हेली, बायबरी, कासल कूम यांसारख्या पर्यटकप्रिय गावांची कार्डे विपुल व त्यामुळे स्वस्त. लोहारशाळा, शाळेतली मुले, मालवाहू गाडी किंवा छोटे रेल्वेस्थानक दाखवणाऱ्या अप्रसिद्ध गावाच्या कार्डाला अधिक मागणी असते, आणि ते रास्तच आहे. डर्बिशरमधील डर्वेंट व ॲशप्टन ही गावे लेडीबोअर जलाशयात बुडाली. डॉर्सेटमधील टाइनम व विल्टशरमधील इंबर १९४३ मध्ये लष्करी सरावासाठी रिकामी करण्यात आली व रहिवाशांना परतता आले नाही. अशा गावांच्या दैनंदिन जीवनाचा चित्ररूप पुरावा बऱ्याच अंशी या कार्डांतच उरला आहे.

१९१४ मध्ये पहिल्या महायुद्धामुळे जर्मन छपाई तुटली आणि ३ जून १९१८ रोजी टपालदर एक पेनी झाला. पुढे दूरध्वनी व हातकॅमेरा सर्रास झाले आणि कार्डांची व छंदाची लाट ओसरली. छंदाचे पुनरुज्जीवन सु. १९७० नंतर झालेले दिसते. व्हॅलेंटाइनचा संग्रह सेंट अँड्रूज विद्यापीठात आहे.

कार्डे मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटांत ठेवू नयेत. त्यातील रसायने छायाचित्राला चिकटतात. पॉलिएस्टरची पाकिटे चालतात. तिकिटासाठी कार्ड पाण्यात भिजवणे तर सर्वथा वर्ज्य: तिकीट व शिक्का गेला की कार्डाचा काळही गेला.