हात पोहोचेल तेवढी जागा : मेंदूतील ‘निकट अवकाशा’ची पार्श्वभूमी

खान्देशात आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) चुलीवर उपडे खापर चढते. मांडे करणारी बाई पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत पसरवते, शेजारी बसलेल्या जावेशी तिचे बोलणे चालूच असते, आणि तरीही तापलेले खापर हातापासून किती दूर आहे हे तिला वळून पाहावे लागत नाही. शरीरालगतच्या, हात पोहोचेल एवढ्या जागेचा, म्हणजे ‘निकट अवकाशा’चा, हिशेब मेंदू उरलेल्या जागेपासून वेगळा ठेवतो. ही गोष्ट विज्ञानाला मात्र हळूहळू, आणि मुख्यतः मेंदूला इजा झालेले रुग्ण व प्रयोगशाळेतील माकडे यांच्याकडून कळली.

१९११ मध्ये हेन्री हेड आणि गॉर्डन होम्स या ब्रिटिश मज्जाविकारतज्ज्ञांनी असे मांडले की, शरीराच्या ठेवणीचा एक आराखडा मेंदू सतत अद्ययावत करत असतो आणि तो कातडीपाशी संपत नाही. बाईच्या बाबतीत तो तिच्या टोपीतील पिसापर्यंतही पोहोचू शकतो. आपल्याकडे पिसाऐवजी डोईवरचा चाऱ्याचा भारा घ्यावा, कारण ठेंगण्या दारातून शिरणारी बाई भाऱ्याच्या उंचीचा अंदाज घेऊन वाकते, स्वतःच्या उंचीचा नव्हे. पुढे १९४१ मध्ये रसेल ब्रेन (आडनावाचा हा निव्वळ योगायोग) यांनी मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदींवरून हाताच्या टप्प्यातील आणि चालत जाऊन गाठायची अशा दोन अंतरांत फरक केला. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ मध्ये माणसामाणसांतील अंतरे इंच-फुटांमध्ये मांडली खरी, पण ती वर्तनाची मोजमापे होती. मेंदूत काय घडते हे त्यांतून कळणारे नव्हते.

ते कळू लागले १९८१ मध्ये, इटलीतील पार्मा येथे. जाकोमो रिझोलात्ती आणि सहकाऱ्यांना माकडाच्या मेंदूत, हालचालींची आखणी करणाऱ्या भागात, अशा चेतापेशी आढळल्या की ज्या कातडीच्या एखाद्या भागाला स्पर्श झाल्यावर आणि त्याच भागाजवळ एखादी वस्तू नुसती दिसल्यावरही उत्तेजित होत. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठातील मायकेल ग्राझियानो आणि चार्ल्स ग्रॉस यांनी १९९४ मध्ये त्यात एक कळीची भर घातली : माकडाची नजर कुठेही असली, तरी हाताभोवतीचे हे क्षेत्र (जिथे वस्तू दिसली की अशी पेशी उत्तेजित होते) हाताबरोबरच सरकते. म्हणजे हा नकाशा डोळ्याच्या नव्हे, हाताच्या हिशेबाने काढलेला होता.

१९९६ चा जपानी प्रयोग सर्वांत गाजला. अत्सुशी इरिकी यांच्या गटाने माकडांना दाताळ्याने लांबचे खाद्य ओढायला शिकवले, तेव्हा काही मिनिटांच्या वापरानंतर हाताभोवतीचे क्षेत्र दाताळ्याच्या लांबीभर पसरले. दाताळे नुसते हातात धरून ठेवले तर मात्र असे काही झाले नाही. याच सुमारास माणसांतही पुरावे मिळत होते. पीटर हॅलिगन आणि जॉन मार्शल यांनी १९९१ मध्ये वर्णन केलेला, मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेला रुग्ण जवळच्या रेषेचा मध्य दाखवताना तिची डावी बाजू विसरे, पण लांबच्या रेषेचा मध्य प्रकाशकिरणाने नीट दाखवी. २००० मध्ये अन्ना बेर्ती आणि फ्रान्चेस्का फ्रासिनेत्ती यांनी अशाच एका रुग्णाच्या हाती लांबच्या रेषेसाठी काठी दिली, आणि डावी बाजू तिथेही हरवू लागली. काठीने लांबची जागा जवळची करून टाकली होती.

हा अर्थ सर्वांना मान्य नाही. निकोलस होम्स यांनी २०१२ मध्ये जुन्या प्रयोगांची फेरतपासणी करून, क्षेत्र पसरत नसून लक्ष अवजाराच्या टोकाकडे जाते, अशी शंका घेतली. मला त्याच वर्षीचा लंडनमधील एक साधा प्रयोग अधिक बोलका वाटतो. मनगटावर विजेचा तीव्र झटका दिला की डोळे मिटतात, आणि हात चेहऱ्याजवळ असेल तर ते अधिक जोराने मिटतात. पण हात व चेहरा यांच्या मध्ये पातळ फळी धरली, तर अंतर तेच राहूनही ही वाढ नाहीशी होते. त्या गटातील जानदोमेनिको यान्नेत्ती यांनी रोरी बुफाक्की यांच्याबरोबर २०१८ मध्ये मांडले की, इथे आत-बाहेर करणारी एकच सीमा नसून, स्पर्श घडवणाऱ्या किंवा टाळणाऱ्या कृतींच्या निकडीनुसार चढउतार होणारी अनेक क्षेत्रे आहेत. ‘निकट अवकाश’ हे एकवचन मात्र संशोधनलेखांत अजून रुळलेलेच आहे.