‘ओढ्यात कुणी नाही’ म्हणजे किती नाही?

ठाण्यात, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या येऊर फाटकावर एक बाई चौकीतल्या माणसाला विचारतेय, “दादा, दोन सायकलवाली पोरं बाहेर पडली का हो?” पोरं दुपारी तीनला आत गेलेली, पाचला परततो म्हणाली होती. आता आठ वाजलेत. फेब्रुवारीत आपल्याकडे साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे जंगलात अंधार पडूनही तास उलटला. दोघांचे फोन बंद. प्रसंग मी रचलाय, पण पुढचा हिशेब खरा आहे.

हे उद्यान शंभर चौरस किलोमीटरहून मोठं. एका रात्रीत ते पालथं घालता येत नाही. सोसायटीतली पन्नास उत्साही मंडळी टॉर्च घेऊन आत सोडणं तर त्याहून वाईट: एक तर जंगल बिबट्याचं, आणि शंभर पायांखाली वाटेवरच्या खुणा पुसल्या जातात. म्हणून माणसं मोजकी घ्यायची आणि आधी नकाशा उघडायचा.

फोनचा शेवटचा टॉवर कळला तरी नेमकं ठिकाण कळत नाही. टॉवरचे अँटेना सहसा तीन दिशांना तोंड करून असतात, प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १२० अंश. सिग्नल जायला-यायला लागलेल्या वेळेवरून अंतर निघतं, पण टप्प्याटप्प्यानं. जुन्या टू-जीत एक टप्पा सुमारे ५५० मीटरचा, फोर-जीत ७८ मीटरच्या आसपास. नकाशावर उमटतो तो भाकरीच्या काठाचा तुकडा, कुठेतरी त्यात पोरं.

आता त्या तुकड्याचे चार भाग करू: ओढा, मानपाड्याच्या अंगाचा उतार, पठार आणि पाड्याकडची वाट. माहीतगारांना विचारून प्रत्येकाला शक्यता द्यायची. समजा ओढ्याला ४० टक्के, उताराला ३०, पठाराला २० आणि पाड्याच्या वाटेला १०. तुकडी ओढ्यात जाऊन येते. “कुणी नाही.”

इथे तुकडीच्या प्रमुखानं विचारायचा प्रश्न एकच: किती नीट पाहिलंत? पोरं तिथे असती तर दिसण्याची शक्यता ७० टक्के होती, असं उत्तर आलं, तर ओढ्याचे ४० पुसून शून्य होत नाहीत. त्यातले ३० टक्के, म्हणजे १२ उरतात. एकूण उरले ७२. पुन्हा शंभरावर मांडलं की ओढा १७वर येतो, उतार ४२वर चढतो, पठार २८ आणि पाडा १४. कुणीच सापडलेलं नाही, तरी नकाशा बदलला. हे गणित अठराव्या शतकातल्या थॉमस बेझ यांचं.

मात्र तो ७० चा आकडा फुगवला की सगळं फसतं. जून २००९मध्ये रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ४४७ विमान अटलांटिकमध्ये कोसळलं. ब्लॅक बॉक्सला जोडलेली यंत्रं पाण्याखाली आवाज करत राहतात; ते टिपायला जहाजं फिरली, काही ऐकू आलं नाही, म्हणून तो पट्टा जवळजवळ बाद धरला गेला. पुढे गणितज्ञांनी शंका घेतली: आवाज करणारी यंत्रंच बंद पडली असतील तर? शक्यता नव्याने मांडल्या आणि एप्रिल २०११मध्ये अवशेष सापडले, विमानाच्या शेवटच्या ज्ञात ठिकाणापासून सुमारे १२ किलोमीटरवर.

टॉर्चच्या उजेडात तर हा आकडा हात आखडूनच धरावा. पण टॉर्चचा एक फायदा दिवसा मिळत नाही. ती जमिनीलगत आडवी धरली की धुळीतल्या टायरच्या नक्षीला लांब सावल्या पडतात आणि पुसट चाकोरीही उठून दिसते.

आणि चाकोरी दिशा सांगते! मागचं चाक फ्रेममध्ये घट्ट, त्यामुळे त्याचं तोंड कायम पुढच्या चाकाकडे. वळणावर दोन रेषा वेगळ्या होतात. जिथे छेदतात तिथे वर उमटलेली असते ती मागच्या चाकाची. त्या रेषेवर एका बिंदूपाशी, चाकाच्या तोंडाला धरून सरळ काठी ठेवा. काठी दोन्ही बाजूंना वाढवली की पुढच्या चाकाच्या रेषेला भिडते. हेच दोन-चार ठिकाणी करा. ज्या बाजूला अंतर दरवेळी सारखंच भरतं, माउंटन बाइकला साधारण सव्वा मीटरच्या आत, त्या बाजूला सायकल गेली. मला ही भूमिती शाळेत कुणी सांगितली असती, तर स्पर्शिका नावाचा प्रकार इतका रुक्ष वाटला नसता.

चाकोरी उताराकडे गेलेली निघाली, की तिकडचे ४२ आणखी वाढतात. उष्णता टिपणारा कॅमेरा असलेला ड्रोन उडवता येईल, पण दाट पानांआडचं अंग त्याला दिसत नाही, आणि दिवसभर तापलेला कातळ रात्री बराच वेळ माणसासारखाच चमकतो. पहाटे कातळ निवल्यावर चित्र बरं मिळतं.

पहाटेचा दुसरा फायदा कानाला. थंडीच्या निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वरची तिच्याहून उबदार राहते. वर निघालेला आवाज उबदार थरातून वाकून पुन्हा खाली येतो आणि दुपारपेक्षा लांब पोचतो. म्हणून चारच्या सुमारास तुकडी उतारावर थांबते, एकदा शिट्टी वाजवते, टॉर्च मालवते आणि दोन मिनिटं कुणी पायही हलवत नाही.