जीवाणूंमधील रासायनिक संकेतन

जीवाणू परिसरात विशिष्ट रेणू सोडतात आणि ते किती साठले यावरून आसपासच्या गर्दीचा अंदाज घेतात. या यंत्रणेला क्वोरम सेन्सिंग म्हणतात. एकट्या पेशीने केली तर वाया जाणारी कामे, उदा. विकरे स्रवणे, प्रकाश निर्माण करणे, पुरेशी संख्या जमेपर्यंत रोखून धरली जातात.

व्हिब्रिओ फिशेरी या सागरी जीवाणूचे संवर्धन (प्रयोगशाळेत वाढवलेला समूह) विरळ असताना अंधारे असते, दाट झाले की उजळते. नीलसन, प्लॅट व हेस्टिंग्ज यांनी १९७० मध्ये याचे कारण पेशींनीच सोडलेल्या पदार्थात शोधले. तो पदार्थ, म्हणजे एक असिल होमोसेरिन लॅक्टोन (वलय आणि त्याला जोडलेली कर्बसाखळी असलेला लहान रेणू; पुढे नुसते लॅक्टोन), १९८१ मध्ये ओळखला गेला.

प्रयोगशाळेतल्या शुद्ध संवर्धनात हे चित्र सुटसुटीत दिसते. माती, आतडे किंवा दातांवरील थर यांत ते तसे राहत नाही. तिथे संकेत ज्यांच्यासाठी सोडला त्यांच्यापुरता उरत नाही. साल्मोनेला स्वतः लॅक्टोन बनवत नाही, पण एसडीआयए या ग्राहक प्रथिनाने इतरांचे लॅक्टोन ओळखते. बॅसिलसच्या काही जाती लॅक्टोनचे वलयच तोडणारे विकर बनवतात. त्याचे जनुक तंबाखू व बटाट्यात घातल्यावर, लॅक्टोन-संकेतावर विसंबणाऱ्या जीवाणूमुळे होणाऱ्या मऊकुज रोगाला त्या वनस्पतींनी चांगला प्रतिकार केला. आपल्याच जातीतही फुकटे निघतात: स्यूडोमोनास एरुजिनोसाची काही उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेली) रूपे संकेताला दाद देत नाहीत, प्रथिने पचवणारी विकरे बनवण्याचा खर्च टाळतात आणि इतरांनी पचवलेले अन्न मात्र खातात.

ग्रॅम रंजनात जांभळा रंग धरून ठेवणारे जीवाणू ग्रॅम-धन, न धरणारे ग्रॅम-ऋण. ग्रॅम-धन जीवाणूंचे संकेत बहुधा लहान पेप्टाइडे (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) असतात. ऑटोइंड्युसर-२ हा संकेत-रेणू मात्र दोन्ही गटांत आढळतो, म्हणून त्याला सार्वत्रिक संकेत म्हटले गेले. हे विधान जपूनच घ्यावे. अनेक जातींत तो चयापचयाचा उपपदार्थ म्हणून बाहेर पडतो, आणि ई. कोलाय तर तो शोषून घेऊन शेजाऱ्यांचा संकेतच पुसट करतो.

लॅक्टोन ओळखण्यासाठी क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियमचा सीव्ही०२६ हा उत्परिवर्ती वाण वापरतात. त्याला स्वतःचा संकेत बनवता येत नाही. शेजारच्या वसाहतीकडून लॅक्टोन मिळाले की तेवढ्या कडेला तो जांभळा होतो. लांब कर्बसाखळीच्या लॅक्टोनांनी मात्र रंग येत नाही, उलट दबतो. त्यामुळे पांढरी राहिलेली कड म्हणजे संकेत नाही, असा अर्थ काढता येत नाही.