रुग्णाभ्यंग

रुग्णाभ्यंग हा कॅथलिक चर्चच्या सात संस्कारांपैकी, म्हणजे साक्रामेंतांपैकी, एक. गंभीर आजारी किंवा वार्धक्याने खचलेल्या ख्रिस्ती व्यक्तीच्या कपाळाला आणि तळहातांना आशीर्वादित तेल लावून धर्मगुरू तिच्यासाठी प्रार्थना करतात. जुन्या पिढीत तो ‘अंत्याभ्यंग’, म्हणजे शेवटचे तेल लावणे, म्हणून ओळखला जाई. ते नाव चर्चने सोडून दिले, पण त्यामागची समजूत घराघरांत टिकून आहे. ‘फादरांना बोलावले तर आजारी माणूस हाय खाईल’ या भीतीने नातेवाईक थांबतात आणि रुग्ण शुद्ध हरपल्यावर फोन करतात. या संस्काराच्या बाबतीत सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच.

या संस्काराला आधार बायबलच्या नव्या करारातला आहे. येशूचे शिष्य पुष्कळ रोग्यांना तेल लावून बरे करीत, असे मार्क 6:13 मध्ये म्हटले आहे. तर याकोबाचे पत्र 5:14-15 मध्ये दुखणाइताने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करावी, अशी सूचना येते. 416 साली पोप पहिले इनोसंट यांनी इटलीतील गुब्बियोचे बिशप (त्या भागातील धर्मगुरूंचे प्रमुख) देचेंतियुस यांना लिहिलेल्या पत्रात तेल बिशपांनी आशीर्वादित करावे असे सांगितले; ते तेल त्या काळी सामान्य भाविकही स्वतःला किंवा घरच्यांना लावू शकत. आठव्या-नवव्या शतकापासून तेल लावणे धर्मगुरूंकडेच गेले. विधी पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूंजवळ पापे कबूल करण्याला, जोडला गेला आणि हळूहळू मृत्युशय्येकडे सरकला. ट्रेंटच्या परिषदेने, म्हणजे चर्चच्या बिशपांच्या मोठ्या सभेने, 25 नोव्हेंबर 1551 रोजी त्याचे संस्कारपण ठामपणे मांडले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये, हा केवळ शेवटच्या घटकेचा विधी नव्हे, असे स्पष्ट केले. त्यानंतर पोप सहावे पॉल यांनी 30 नोव्हेंबर 1972 च्या आदेशाने आजचा विधी घालून दिला. त्याआधी डोळे, कान, नाकपुड्या, ओठ, हात आणि पाय अशा ठिकाणी तेल लावत. ते आता कपाळ आणि हात एवढ्यावर आले.

कोणाला, केव्हा. व्यक्तीचा बाप्तिस्मा झालेला हवा, तिला बऱ्यावाइटाची समज आलेली हवी, आणि आजारामुळे किंवा वयामुळे जीवाला धोका निर्माण झालेला हवा. धोका ‘निर्माण झालेला’ म्हणजे मरण दारात उभे असणे नव्हे. मोठ्या आजारासाठी शस्त्रक्रिया ठरली की ती होण्याआधी हा संस्कार घेता येतो. अंगात त्राण न उरलेल्या वृद्धांना विशिष्ट आजार नसला तरी चालतो. सर्दी-ताप, दातदुखी किंवा परीक्षेचा ताण यांसाठी तो नाही. त्यासाठी साधा आशीर्वाद पुरे. एकदा बरे होऊन माणूस पुन्हा गंभीर आजारी पडला, किंवा त्याच आजारात प्रकृती आणखी ढासळली, तर संस्कार पुन्हा देता येतो. तान्ह्या बाळाला तो देत नाहीत. बाळाच्या जीवाला धोका असल्यास धर्मगुरू बाप्तिस्मा आणि दृढीकरण (बाप्तिस्म्याला बळकटी देणारा संस्कार) देऊ शकतात.

रुग्ण बेशुद्ध असेल, पण शुद्धीवर असता तर त्याने हा संस्कार मागितला असता असे मानायला जागा असेल, तर तो दिला जातो. मृत्यू झाला आहे की नाही याबद्दल शंका असेल तरीही देतात. मृत्यू निश्चित झाला असेल तर मात्र नाही. तिथे धर्मगुरू मृताच्या आत्म्यासाठी प्रार्थना करतात. ‘फादर आले, पण तेल लावले नाही’ ही नातेवाइकांची तक्रार बहुधा इथून येते.

तेल. पवित्र आठवड्यातील, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्यातील, गुरुवारी सकाळी, किंवा सोयीसाठी त्याआधीच्या एखाद्या दिवशी, बिशप आपल्या धर्मगुरूंसह कॅथेड्रलमध्ये (बिशपांच्या मुख्य चर्चमध्ये) मिस्सा, म्हणजे भाकर व द्राक्षारसाची उपासना, अर्पण करतात. त्यात तीन तेले सिद्ध होतात: रुग्णांचे, दीक्षार्थींचे (बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांचे) आणि सुगंधी द्रव्य मिसळलेले क्रिस्मा. तिन्ही दिसायला जवळपास सारखी असल्याने भांड्यांवर खुणा असतात; घाईत अदलाबदल होऊ शकते. 1972 पर्यंत ऑलिव्हचेच तेल लागे. आता वनस्पतीपासून काढलेले कोणतेही तेल चालते. खनिज तेल चालत नाही. धर्मगुरू ते धातूच्या छोट्या डबीत कापसात मुरवून जवळ बाळगतात, त्यामुळे सांडत नाही. वर्षभरात तेल खवट होते किंवा कापूस सुकतो, म्हणून दरवर्षी नवे तेल येते आणि उरलेले जाळून टाकतात. जवळचे तेल संपले आणि वेळ नसेल, तर साध्या वनस्पती तेलाला धर्मगुरू त्या विधीतच आशीर्वाद देऊ शकतात.

घरातली तयारी. पलंगाजवळ एक लहान टेबल, त्यावर स्वच्छ पांढरे कापड, क्रूस, मेणबत्ती, पवित्र पाणी आणि पिण्याच्या पाण्याचा पेला. पेला विसरू नये: कोरड्या तोंडाच्या रुग्णाला ख्रिस्तशरीर (मिस्सात अर्पण केलेली भाकर) गिळता येत नाही. रुग्णाला आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना ख्रिस्तशरीर घेण्यापूर्वीच्या एक तासाच्या उपवासाची अट नाही. पापनिवेदन करायचे असेल तर घरच्यांनी तेवढा वेळ बाहेर जावे. पुष्कळ घरांत हे कुणाला सुचत नाही आणि रुग्णाला सांगताही येत नाही.

विधी. अभिवादन आणि पवित्र पाण्याचे सिंचन झाल्यावर पश्चात्तापाची प्रार्थना किंवा पापनिवेदन होते. मग बायबलमधला उतारा आणि रुग्णासाठी विनवण्या. त्यानंतर धर्मगुरू काही न बोलता रुग्णाच्या मस्तकावर हात ठेवतात. हा क्षण उरकून टाकण्यासारखा नाही, कारण रुग्णावर हात ठेवणे ही येशूच्या बरे करण्याची सर्वांत जुनी खूण. मग तेलाबद्दल आभारप्रार्थना, आणि अंगठ्याने कपाळाला तेल. तेव्हाच्या शब्दांत प्रभूने आपल्या दयेने, पवित्र आत्म्याच्या कृपेने साहाय्य करावे, अशी याचना असते. हातांना लावताना, पापमुक्त करणाऱ्या प्रभूने तारावे आणि उठवावे, अशी. शेवटी प्रभूची प्रार्थना, ख्रिस्तशरीर आणि आशीर्वाद. अतिदक्षता विभागात एवढा वेळ नसतो. तिथे कपाळाला एकदाच तेल लावून पूर्ण शब्द म्हटले तरी संस्कार पूर्ण होतो. सलाईनच्या सुईजवळ तेल लावू नये, चिकटपट्टी सुटते. आणि परिचारिकेला आधी विचारावे. संसर्गाचा धोका असेल तर कापूस लावलेल्या काडीने तेल लावायला चर्चकायद्याची मुभा आहे.

हा संस्कार फक्त धर्मगुरू किंवा बिशप देऊ शकतात. डीकन (धर्मगुरूंच्या खालच्या पायरीचे सेवक), धर्मभगिनी किंवा प्रार्थनागटाच्या पुढाऱ्यांनी तीर्थस्थानाहून आणलेले तेल रुग्णाला लावून प्रार्थना केली, तर ती भक्ती होते. संस्कार होत नाही. ही प्रार्थना रुग्णाभ्यंगच वाटेल अशा पद्धतीने करणे चर्चला मान्य नाही.

बरे होणे आणि विश्वास. या संस्काराचे फळ म्हणून चर्च सांगते ते असे: ख्रिस्ताच्या दुःखसहनाशी एकरूपता, मनोबल आणि शांती, पापनिवेदन करता न आल्यास पापक्षमा, आणि तारणासाठी हितकर असेल तर शारीरिक आरोग्यही. या ‘तर’कडे दुर्लक्ष झाले की गोंधळ सुरू होतो. काही आरोग्यप्रार्थनासभांत, माणूस बरा झाला नाही तर त्याचा विश्वास कमी पडला, असे सुचवले जाते. नवा करार याला पाठिंबा देत नाही. येशूचा प्रेषित पौल याने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे एक जाच, दूर व्हावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा गेला नाही, कृपा मिळाली (2 करिंथ 12). आपला सहकारी तीमथ्य याला त्याने पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, आणि दुसरा सहकारी त्रफिम याला आजारी अवस्थेत मिलेत शहरात मागे ठेवले. यांपैकी कुणालाही त्याने अविश्वासी म्हटले नाही.

व्हॅटिकनने 14 सप्टेंबर 2000 रोजी आरोग्यप्रार्थनांबद्दल सूचना काढल्या. अशा सभांत उन्माद, नाटकीपणा आणि सनसनाटी टाळावी. त्या मिस्साविधीत मिसळू नयेत. भूत काढण्याच्या प्रार्थना त्यांत घुसडू नयेत. उपासनाविधीच्या स्वरूपातल्या आरोग्यसभेला बिशपांची परवानगी असावी. 1967 पासून अमेरिकेतून पसरलेल्या करिष्माई चळवळीमुळे, म्हणजे पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणाऱ्या चळवळीमुळे, ही गरज निर्माण झाली होती, आणि आपल्याकडच्या धर्मग्रामांतही त्या चळवळीचे प्रार्थनागट आहेत.

औषध बंद करणे हा या संस्काराचा भाग कधीच नव्हता. कॅथलिक बायबलमधल्या बेन सिराच्या ग्रंथाचा 38 वा अध्याय वैद्याचा मान राखायला सांगतो, आणि औषधे देवानेच जमिनीतून उपजवली असे म्हणतो. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे.

इतर चर्चमध्ये. ऑर्थोडॉक्स परंपरेत शक्य तिथे सात धर्मगुरू, सात वाचने आणि सात वेळा तेल असा विधी असतो, आणि पवित्र आठवड्यातील बुधवारी तो पुष्कळ ठिकाणी सर्व मंडळीला दिला जातो. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, प्रार्थनापुस्तकाच्या 1549 च्या आवृत्तीत तेल लावणे होते, 1552 मध्ये ते वगळले. विसाव्या शतकात अनेक अँग्लिकन चर्चनी ते पुन्हा स्वीकारले. पेंटेकोस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) मंडळ्या याकोबाच्या पत्राच्या आधारे तेल लावून प्रार्थना करतात, पण त्याला संस्कार मानत नाहीत.